देवाविना गाण्यांची संध्याकाळ : सोलापुरातील एका वाद्यवृंदाच्या सेवेचे परीक्षण

वडिलांचे पहिले वर्षश्राद्ध न घालता त्या दिवशी गाण्यांचा कार्यक्रम करावा आणि त्या कार्यक्रमात देवाची करुणा भाकणारे एकही गाणे नसावे, अशी अट घेऊन यंदा जानेवारीत मी सोलापुरातील एका सहा जणांच्या वाद्यवृंदाकडे गेलो होतो. वडील तीस वर्षे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणकामात, होते, युनियनचे होते आणि जन्मभर नास्तिक राहिले. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या त्या पिढीत असे लोक आपल्या शहरात पुष्कळ होते. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचे दहावे-तेरावे यथासांग झाले, कारण त्या दिवशी विधीऐवजी काय करायचे हे घरच्यांना कोणी सांगितलेले नसते. आमच्याकडे देहदान झाले होते, त्यामुळे पहिल्या तेरा दिवसांचा प्रश्न आपोआप मिटला होता. वर्षाच्या दिवशी मात्र नातेवाईक येणार, बसणार आणि काहीतरी ऐकू येण्याची वाट पाहणार, हे उघड होते. ते काहीतरी पैसे देऊन नीट मिळते का, आणि मिळाले तर कोणत्या दर्जाचे, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

वाद्यवृंदाचे नाव मी लिहीत नाही. ही मंडळी वर्षातील बहुतेक दिवस भक्तिगीते, जागरण आणि लग्नाच्या वराती यांवर जगतात, आणि ‘नास्तिकांचा ऑर्केस्ट्रा’ असा शिक्का बसला तर त्यांची श्रावणातील निम्मी कामे जातील. ज्यांना खरोखर हवे आहेत त्यांनी पूर्व भागात पेट्या आणि तबले दुरुस्त करणाऱ्या दुकानांत चौकशी करावी. ‘वचने म्हणणाऱ्या बाई ज्यांच्याकडे आहेत ते’ असे सांगितले की पत्ता मिळतो.

पहिली भेट गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाजवळ चहाच्या टपरीवर झाली, कारण वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांना दुसरीकडे वेळ नव्हता. मागे आकाशपाळण्यांचा आणि मौत का कुआँतील मोटारसायकलींचा आवाज चालू असताना मी माझी अट सांगितली. मास्तर पेटी वाजवतात, घरी तेलुगू बोलतात, आणि ग्राहकाला ‘नाही’ म्हणायचे नसते हा त्यांचा धंद्याचा नियम दिसला. ‘नास्तिक गाणी ना, सर? आहेत की,’ असे म्हणून त्यांनी तिथल्या तिथे पहिले गाणे सुचवले, ते 1954 सालच्या ‘नास्तिक’ या चित्रपटातील, कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि गायलेले, सी. रामचंद्र यांचे संगीत असलेले ‘देख तेरे संसार की हालत’. चित्रपटाचे नाव पाहिले तर निवड बिनचूक होती. गाण्याच्या मुखड्यातच भगवंताला हाक मारून माणूस किती बदलला याची तक्रार केलेली आहे, ही एकच अडचण होती. ज्याला हाक मारून तक्रार करायची तो आहे असे आधी धरावेच लागते, हे मी सांगितल्यावर मास्तर थोडा वेळ कपातील चहाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मग तर सर, फार कमी गाणी उरतील.’

त्यांचे म्हणणे खरे निघाले, आणि या सेवेतील सर्वांत उपयोगी भाग इथूनच सुरू झाला. पुढील तीन आठवड्यांत त्यांनी एकूण बेचाळीस गाण्यांची यादी पाठवली. आम्ही दोघांनी तिच्यातील शब्द ओळीने वाचले, आणि निम्म्याहून अधिक गाणी गळाली. हिंदी चित्रपटसृष्टीत देवावर रागावणारी गाणी भरपूर आहेत. नायकावर संकट आले की तो मूर्तीसमोर उभा राहून जाब विचारतो, घंटा बडवतो, प्रसंगी दगड उचलतो आणि शेवटच्या रिळात त्याच मूर्तीसमोर हात जोडतो. असे रुसणे आपल्या भक्तिपरंपरेतही मुबलक आहे; विठ्ठलाशी भांडण्याचा अधिकार संतांनी मोकळ्या हाताने वापरला. त्यामुळे ‘देवाविरुद्ध’ वाटणारे गाणे हे बहुतेक वेळा देवाघरचेच भांडण असते, आणि वडील ते ऐकून नुसते हसले असते.

साहिर लुधियानवी यांच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो, आणि तो वेळ वाया गेला नाही. नास्तिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कवीने 1961 सालच्या ‘हम दोनो’साठी ‘अल्लाह तेरो नाम’ लिहिले, जे आज शाळांमधून प्रार्थना म्हणून म्हटले जाते. म्हणजे कवीचे मत पाहून गाणे निवडण्यात अर्थ नाही. 1959 सालच्या ‘धूल का फूल’मधील ‘तू हिन्दू बनेगा न मुसलमान बनेगा’ हे गाणे मास्तरांच्या यादीत वरच्या क्रमांकावर होते. महंमद रफींचा आवाज आणि एन. दत्तांची चाल असलेले हे गाणे मला स्वतःला फार आवडते. परंतु त्यात मालिकाने सगळ्यांना माणूस बनवले आणि आपण त्यांचे हिंदू-मुसलमान केले, असा युक्तिवाद आहे. म्हणजे जातिधर्माच्या भिंती पाडल्या आणि मालिक शाबूत ठेवला. हे गाणे ठेवावे की वगळावे यावर आमचे दोन दिवस गेले. शेवटी ते ठेवले, कारण वडील ते दाढी करताना म्हणत असत, आणि शुद्धतेचा अतिरेक हाही एक सोवळेपणाच आहे.

याउलट मास्तरांना माहीत नसलेले एक गाणे मी त्यांना दिले. प्रदीपांचे गाणे गाजल्यानंतर वर्षभराने, 1955 सालच्या ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’मध्ये, साहिर यांनी तोच मुखडा उलटा करून वापरला आणि देवाची हालत काय झाली ते बघ, असे माणसाला सांगितले. मास्तरांनी ते मोबाईलवर ऐकले, पुन्हा ऐकले, आणि ‘हे लिहून त्यांना पैसे कसे मिळाले, सर?’ असे विचारले. कार्यक्रमात हे गाणे त्यांनी सर्वांत जास्त मन लावून गायले.

मराठी गाण्यांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. महात्मा फुल्यांचे अखंड, म्हणजे त्यांच्या अभंगवजा रचना, घ्यावेत हे कोणालाही सुचेल, आणि घेतलेही. तथापि 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या फुल्यांनी मूर्ती आणि मध्यस्थ नाकारले असले तरी निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानला होता, त्यामुळे त्यांना नास्तिकांच्या खात्यावर जमा करणे ही लबाडी ठरली असती. निवेदनात तसे स्पष्ट सांगावे अशी माझी सूचना होती, आणि निवेदिकेने ती पाळली. तुकोबांचा ‘नवसें कन्या पुत्र होती’ हा अभंगही अशाच टिपणीसह घेतला, कारण त्यात नवस मोडीत निघतो, विठ्ठल निघत नाही. गायिका बाईंनी बाराव्या शतकातील लिंगायत संत बसवण्णांचे एक कन्नड वचन, म्हणजे मुक्त काव्य, सुचवले. श्रीमंत लोक शिवालये बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ आणि डोके हाच सोन्याचा कळस, असा त्याचा आशय. शेवटी कूडलसंगमदेवाची मुद्रा, म्हणजे बसवण्णांनी प्रत्येक वचनाखाली घातलेले देवाचे नाव, येते, म्हणून माझ्या अटीत ते बसत नव्हते. ज्या गावाचे ग्रामदैवत असलेले सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातील वचनकार होते, त्या गावात हे वचन नाकारण्याची हिंमत मला झाली नाही. बाईंनी ते तालाशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर म्हटले.

खरा पेच कार्यक्रमाच्या सुरुवातीचा होता. पहिले गाणे कोणते, असे विचारताच सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. ‘गण घेतल्याशिवाय पेटी उघडायची नसते, सर. आजवर उघडली नाही,’ असे मास्तर गणपतीच्या वंदनाबद्दल म्हणाले, आणि त्या वाक्यात हट्टापेक्षा भीती अधिक होती. ढोलकीवाल्या मुलाने तर तालमीत चुकीचा ठेका लागला तेव्हा ‘गण न घेतल्यामुळे’ असे कारण सांगून टाकले. मी त्यांना अण्णा भाऊ साठे यांचा दाखला दिला. तमाशाची चौकट घेऊन लोकनाट्य उभे करताना अण्णा भाऊंनी गणपतीचा गण काढून तिथे मायभूमीचे आणि शिवरायांचे वंदन आणले. गणाची जागा तशीच राहिली आणि वंदनीय कोण ते बदलले. 1944 साली अण्णा भाऊंबरोबर आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारे शाहीर अमर शेख हे आपल्याच जिल्ह्यातील बार्शीचे, हेही सांगितले. या दुसऱ्या माहितीचा परिणाम पहिलीपेक्षा जास्त झाला, कारण मास्तरांची सासुरवाडी बार्शीची आहे. मायभूमीच्या वंदनाने सुरुवात करायचे ठरले, पेटी उघडली गेली, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मास्तरांनी भात्याला हात लावण्यापूर्वी मनातल्या मनात काय म्हटले असेल ते मी विचारले नाही. तो त्यांचा प्रश्न आहे.

भजनाच्या चालीवर नवे शब्द बसवले तर चालेल का, हीही शंका निघाली. चालेल, फुल्यांच्या विचारांचा गाण्यांतून प्रचार करणाऱ्या सत्यशोधक जलशांनी तेच केले, आणि अमेरिकेत जो हिल या कामगार गीतकाराने 1911 साली चर्चमधील एका स्तोत्राची चाल उचलून, ‘मेल्यावर आभाळात पोळी मिळेल’ असे उपाशी मजुरांना सांगणाऱ्या धर्मोपदेशकांची टिंगल केली. ऐकणाऱ्याच्या कानात चाल आधीच बसलेली असते, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. आम्ही वडिलांच्या वहीतील दोन कामगारगीते अशा चालींवर बसवली. त्यातील एक जमले. दुसऱ्यात भजनाची चाल शब्दांवर इतकी स्वार झाली की मागच्या रांगेतील बायका टाळ्यांचा ठेका धरून डोलू लागल्या आणि मालकाच्या नावाने केलेला शिमगा कोणाच्या लक्षातच आला नाही.

फेब्रुवारीतील त्या संध्याकाळी जुळे सोलापुरातील आमच्या वसाहतीच्या सभागृहात सुमारे दीडशे माणसे होती. मंडळी वेळेच्या तासभर आधी आली, स्वतःचे स्पीकर स्वतः लावले, आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे साडेसहाला सुरू झाला. सोलापुरात ही गोष्ट वेगळी नोंदवावी इतकी दुर्मीळ आहे. निवेदिकेने सुरुवातीला स्टीव्ह मार्टिन या विनोदी नटाच्या आणि बँजोवादकाच्या 2011 सालच्या गाण्याचा उल्लेख केला. नास्तिकांकडे स्वतःची स्तोत्रे नाहीत, अशी थट्टा करणारे ते गाणे त्याने आणि त्याच्या साथीदारांनी चर्चमधील गायकवृंदाच्या थाटात, वाद्यांशिवाय गायले आहे. ‘आज आपण त्याला खोटे पाडू,’ असे ती म्हणाली. हे वाक्य माझे नव्हते, तिचे होते, आणि ते लोकांना आवडले.

गाण्यांच्या क्रमाचे श्रेय मास्तरांना द्यावे लागेल. 1958 सालच्या ‘फिर सुबह होगी’मधील, साहिर यांचे शब्द, खय्याम यांचे संगीत आणि मुकेश यांचा आवाज असलेले ‘आसमाँ पे है ख़ुदा’ त्यांनी घेतले, आणि त्याच्या पाठोपाठ कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या कीबोर्डवादकाने जॉन लेनन यांचे 1971 सालचे ‘इमॅजिन’ गायले. साहिर देवाला वर आभाळात बसवतात आणि तो हल्ली खाली फारसे पाहत नाही, असा टोमणा मारतात. लेनन वर फक्त आभाळच आहे असे समजून बघा, असे सुचवतात. ही दोन गाणी शेजारी ठेवावीत हे मला सुचले नव्हते. इंग्रजी शब्द निम्म्या लोकांना समजले नसतील, तरी निवेदिकेने आधी चार वाक्यांत अर्थ सांगितला होता, आणि मुलाचा उच्चार स्वच्छ होता. त्यानंतर आलेल्या शैलेंद्र यांच्या ‘तू ज़िन्दा है’ने सभागृह उचलले. स्वर्ग कुठे असलाच तर तो जमिनीवर उतरव, असे सांगणारी त्यातील ओळ वडिलांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी उभे राहून म्हटली, आणि पुढे कोणी न सांगता त्यांनीच हिंदीतून ‘इंटरनॅशनल’ हे जगभरच्या कामगार चळवळीचे गीत सुरू केले. यूजीन पोत्तिए यांच्या 1871 सालच्या मूळ फ्रेंच गीतात, देव, सम्राट वा लोकनायक यांपैकी कोणीही तारणारा नाही, असे स्पष्ट कडवे आहे. मास्तरांना ती चाल ठाऊक नव्हती. परंतु दुसऱ्या ओळीपासून त्यांनी पेटीवर सूर बरोबर धरला, आणि साथसंगत म्हणजे काय ते त्या तीन मिनिटांत दिसले.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. देव आणि परलोक नाकारणाऱ्या प्राचीन चार्वाकांचा श्लोक घ्यावा अशी माझी इच्छा होती. या दर्शनाचे स्वतःचे ग्रंथ हरवले, आणि हा श्लोक आपल्यापर्यंत पोहोचला तो चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून, म्हणजे विरोधी पक्षाच्या दप्तरातून. गायिका बाई लग्नांत मंगलाष्टके म्हणतात, त्यांचे संस्कृत उत्तम आहे. त्यांनी ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’ असे धीरगंभीर आवाजात म्हणताच पहिल्या दोन रांगांतील वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले. देह जळून गेल्यावर परत कसला येणार, असे विचारणाऱ्या ओळीला नमस्कार पडला. वडिलांचा देह भस्मीभूत झालाच नव्हता, तो वैद्यकीय महाविद्यालयात होता, हा तपशील इथे सोडून देऊ.

आता उणिवा. ध्वनिव्यवस्था मध्यम दर्जाची आहे. दुसऱ्या माइकला वारंवार शिट्टी येत होती, आणि ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवणाऱ्याने शांत गाण्यांतही वरातीचा हात सोडला नाही. ‘वो सुबह कभी तो आएगी’ या गाण्याची लय त्याने इतकी चढवली की ती पहाट घाईघाईने उरकल्यासारखी वाटली. फुल्यांच्या अखंडाचे शब्द गायक मोबाईलवर पाहून म्हणत होते, आणि मध्येच फोन आल्यामुळे एक चरण गळाला.

सर्वांत मोठी चूक शेवटी झाली. ठरल्याप्रमाणे अण्णा भाऊंच्या ‘जग बदल घालुनी घाव’ने कार्यक्रम संपला, आणि मी आभार मानायला उठणार तोच कीबोर्डवर पसायदानाचे सूर सुरू झाले. महाराष्ट्रात कार्यक्रम संपला की बोटे आपोआप तिकडे जातात, हे मला कळते. तरीही तीन आठवडे एकेक ओळ तपासून, लेखी यादी देऊन, ‘आता विश्वात्मकें देवें’ हे ऐकावे लागणे म्हणजे करारभंगच होता. लोक उभे राहिले. आईसुद्धा उभी राहिली, आणि तिने पसायदान पूर्ण म्हटले. त्यामुळे मला मध्ये थांबवता आले नाही. नंतर मास्तरांनी माफी मागितली आणि बिलातून हजार रुपये कमी करायची तयारी दाखवली. मी ते घेतले नाहीत. आईने मला तेव्हा ज्या नजरेने पाहिले त्यावरून, घेतले असते तरी घरात ठेवता आले नसते.

दर असा : अडीच तासांच्या कार्यक्रमाचे बावीस हजार रुपये, त्यात ध्वनिव्यवस्था धरलेली, प्रत्येक जादा तालमीचे दीड हजार. आम्ही तीन तालमी घेतल्या, आणि चौथी घ्यायला हवी होती. माणसांच्या चहा-नाश्त्याची सोय आपण करायची असते; आमच्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होते, त्यावर कोणी तक्रार केली नाही. एवढ्या पैशांत अट समजून घेणारे, शब्दांवर वाद घालणारे आणि वेळेवर येणारे लोक मिळतात, हे मला पटण्यासारखे वाटते. ऑक्टोपॅड नको असे आधीच सांगावे, म्हणजे दोन हजार कमी होतात आणि गाणी ऐकू येतात. शेवटच्या गाण्यानंतर कोणते वाद्य कोण आणि केव्हा बंद करणार, हेही यादीत लिहून घ्यावे.

मास्तरांनी आमची अंतिम यादी, सतरा गाण्यांची, वहीत वेगळी उतरवून ठेवली आहे, आणि अक्कलकोट रस्त्यावरील एका कुटुंबाने तीच मागितली असे त्यांनी मागच्या आठवड्यात फोनवर सांगितले. पाच हजार रुपये आगाऊ द्यावे लागतात. गड्डा, आषाढी-कार्तिकी आणि नवरात्र या दिवसांत तारीख मिळत नाही. श्रावणात विचारूच नये.